वामकुक्षी : एक दहा ते एक चौदा

निवृत्त झाल्यावर काही माणसं देवाच्या नादी लागतात, काही बागकामाच्या. टाइमकीपर घराच्या मागे लागले.

एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं आखली होती. कुठली गाडी कधी सुटणार, चालकाने चहा किती मिनिटांत संपवायचा, शेवटच्या थांब्यावर लघवीला जाऊन यायला किती वेळ धरायचा, हे सगळं ते काचेच्या खिडकीमागे बसून टोकदार पेन्सिलीने ठरवत. दोनशे चालक-वाहक त्यांच्या नावाने बोटं मोडत. निरोपाच्या दिवशी त्या दोनशे जणांनी वर्गणी काढून त्यांना गजराचं घड्याळ दिलं. त्यात टोमणा होता, हे टाइमकीपरांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. ते घड्याळ उशाशी असे आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं जाई.

त्यांची बायको शिवणकाम करत असे. नवं शिवणं नाही, फक्त दुरुस्ती. चेन बदलणं, फाटलेलं अस्तर लावणं, अंगाने सुटलेल्यांचे कोट सैल करणं, आणि आपण पुन्हा बारीक होणार अशी आशा बाळगणाऱ्यांसाठी शिवणीत गुपचूप कापड राखून ठेवणं. गल्लीत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

बाई सकाळी आठला मशीनवर बसत आणि बाराला उठत. जेवून, भांडी आवरून एकच्या सुमाराला शिवणाच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर आडव्या होत. तिथून अडीचपर्यंत त्या या जगात नसत. चौतीस वर्षं हा नेम होता. लेक लहान असताना तिला पहिल्यांदा कळलं होतं ते हेच, की एक ते अडीच आईला हाक मारायची नाही, मग घराला आग लागली तरी चालेल. ती लग्न होऊन दूर गेली तरी अजून त्या वेळेत फोन करत नसे. घरातली कपाटं नवऱ्याच्या नावाची होती, भिंतींवरचे फोटो सासरच्यांचे होते, मशीन माहेरचं होतं. तो दीड तास तेवढा बाईंचा होता.

घात केला तो बद्धकोष्ठाने.

डेपोत रोज सात चाळीसला होणारी गोष्ट निवृत्तीनंतर होईनाशी झाली. टाइमकीपरांना ती एक फेरी रद्द झाल्याचं इतकं मनाला लागलं, की ते औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर बसणाऱ्या वैद्यांकडे गेले. वैद्य तापट गृहस्थ होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, टाइमकीपरांचं बोलणं पाच मिनिटं ऐकलं आणि पुढचं ऐकायला लागू नये म्हणून एक छापील कागद हातात ठेवला. वर लिहिलं होतं : निरोगी माणसाची दिनचर्या.

“वेळेवर उठा, वेळेवर जेवा, दिवसा झोपू नका. या आता,” वैद्य म्हणाले.

वेळ हा शब्द कानावर पडला आणि टाइमकीपरांच्या डोळ्यांत महिन्याभराने तेज आलं.

तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन माणसांचं, एका न्हाणीघराचं, एकूण एकोणतीस नोंदींचं वेळापत्रक लागलं. पहाटे चार चाळीसला उठणं. चार बेचाळीसला कोमट पाणी, दोन पेले. पाच पाच, मलविसर्जन (प्रथम पती). पाच वीस, मलविसर्जन (पत्नी). जीभ घासणं, दोन मिनिटं. तिळाच्या तेलाची गुळणी, पंधरा मिनिटं. नाकात तेलाचे दोन-दोन थेंब. अंगाला तेल, वीस मिनिटं. व्यायाम, अर्धी शक्ती संपेपर्यंत, त्यापुढे कंसात ‘अंदाजे अकरा मिनिटं’. सकाळी दहापर्यंत कफाचा काळ, दोनपर्यंत पित्ताचा, सहापर्यंत वाताचा, असे तीन रंगांचे पट्टेही ओढले होते.

“माझी अर्धी शक्ती अकरा मिनिटांत संपते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारलं.

“सरासरी धरलीय. तुझं वजन जास्त आहे, पण तक्रारही जास्त आहे. हिशेब बरोबर बसतो.”

बाईंनी सकाळचा सगळा भाग निमूट सोसला. गुळणी तर त्यांना आवडलीच. पंधरा मिनिटं नवऱ्याच्या तोंडात तेल आणि गाल फुगलेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बाई अख्खं वाक्य शेवटापर्यंत बोलू शकल्या. त्या मुद्दाम तेवढ्याच वेळात विचारत, “तुमची आई मला वेंधळी म्हणायची, तेव्हा तुम्ही गप्प का बसायचात?” टाइमकीपर डोळे वटारत, हातवारे करत, घड्याळाकडे बोट दाखवत. थुंकायला अजून नऊ मिनिटं असत.

खरा प्रश्न तेविसाव्या नोंदीचा होता. बारा पंधरा, भोजन. बारा पस्तीस, शतपावली. बारा पन्नास, भांडी. आणि मग : एक दहा ते एक चौदा, वामकुक्षी.

“हे चुकलंय,” बाई म्हणाल्या. “चौदा नाही, अडीच.”

“चुकलेलं नाही. वामकुक्षी म्हणजे झोप नव्हे. आठ श्वास उताणं, सोळा श्वास उजव्या कुशीवर, बत्तीस डाव्या कुशीवर. एकूण छप्पन्न. मिनिटाला चौदा धरले तर चार मिनिटं. उठायचं.”

“आणि मग मी काय करू?”

“वाताचा काळ लागेपर्यंत हलकी कामं. दिवसा झोपल्याने कफ वाढतो, अंग जड होतं, बुद्धी मंदावते. कागदावर आहे.” ते बाईंकडे वळले. “तुझ्याकडे बघून मला आधीच शंका यायला हवी होती.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कात्री हातात होती, पण त्या तिचा उपयोग फक्त कापडावर करत.

पहिल्या दिवशी एक चौदाला उशाशी घड्याळ कडाडलं. बाईंनी ते उचलून चिंध्यांच्या पोत्यात खुपसलं. दुसऱ्या दिवशी टाइमकीपर स्वतःच कॉटशेजारी खुर्ची टाकून बसले आणि मोठ्याने श्वास मोजू लागले. “उजवी कुशी. अकरा. बारा. तू मध्ये उसासा टाकलास, तो धरलेला नाही.” तिसऱ्या दिवशी बाईंनी दार लावून घ्यायचं ठरवलं, तर दाराला कडीच नव्हती. चार स्क्रूंची भोकं तेवढी होती.

“कडी कुठंय?”

“गंजली होती. काढून टाकली.”

“सगळं घर सोडून हीच गंजली?”

“हीच जास्त वापरात होती,” टाइमकीपर म्हणाले. ते असं काही बोलले की त्यांचा आवाज विनाकारण खाली जाई. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना झोप हवी होती.

पाचव्या दिवशी वकिलाचा कोट आला. काळा कोट, बाह्यांची शिवण उसवलेली. दोन्ही बाह्या सोडवून नव्याने लावायच्या होत्या. काळ्या कापडावर काळा दोरा. हे काम बाई नेहमी झोप झाल्यावर, तीनच्या स्वच्छ डोळ्यांनी करत. त्या दिवशी त्यांनी ते चौपन्न श्वासांवर केलं. उरलेले दोन श्वास टाइमकीपरांनी कापून घेतले होते.

दोन दिवसांनी सकाळी वकील कोट अंगावर घालूनच दारात उभा राहिला. उजवी बाही डाव्या खांद्याला होती आणि डावी उजव्या. कोपर दुमडायची जागा पुढच्या बाजूला आली होती. हात खाली सोडले, तर तळवे मागे काहीतरी मागत असल्यासारखे वळत होते.

“बाई, मी न्यायाधीशांपुढे असा उभा राहिलो. असा! त्यांनी मला विचारलं, तुम्ही जाताय की येताय?”

“आजच्या आज करून देते.”

“नको. तुमचं वय झालं, हे आधी सांगायचं होतंत. मी पलीकडच्या रस्त्यावर देतो.”

चौतीस वर्षांत बाईंच्या हातून एक बटणसुद्धा चुकीच्या काजासमोर लागलं नव्हतं. त्या वळल्या. मागे टाइमकीपर वही घेऊन उभेच होते.

“कफ,” ते म्हणाले. “जुना साठलेला. उतरायला वेळ लागेल.”

त्या क्षणी बाई चपला घालून बाहेर पडल्या. नवऱ्याशी भांडून उपयोग नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या माणसाने एकतीस वर्षांत दोनशे जणांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि एकही मिनिट बदललं नव्हतं. तो ऐके फक्त एका गोष्टीचं. जे कागदावर छापलेलं असेल, त्याला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. बाईंना कागद हवा होता.

वैद्यांच्या खोलीत रुग्ण कोणी नव्हता, तरी वैद्य घाईत होते.

“तुम्ही त्यांच्या कोण?” नाव सांगितल्यावर त्यांनी विचारलं.

“बायको.”

“अरेरे,” वैद्य म्हणाले. “काल ते इथे येऊन माझ्या रुग्णांच्या वेळा बदलून गेले. मला प्रत्येक नाडीमागे दीड मिनिट दिलंय. बोला.”

“दिवसा झोपायचं नाही, हे खरं का?”

“खरं.”

“कोणीच नाही?”

“असं कुठंय? त्यांना मी पहिलाच कागद दिला. जास्त वाचतील म्हणून दुसरा दिला नाही.” वैद्यांनी खणातून एक पान काढलं आणि चष्म्यावरून बाईंना न्याहाळलं. “उन्हाळ्यात चालतं. आता उन्हाळा नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं. तुम्ही म्हाताऱ्या आहात?”

“नाही,” बाई म्हणाल्या. झोप हवी होती, पण इतकी नाही.

“अशक्त?”

“मशीन मी एकटी उचलते.”

“ओझं वाहून दमलेले. प्रवासाने दमलेले. दारू प्यायलेले. उंचावरून पडलेले. मार खाल्लेले. उचकी लागलेले. शोकाने थकलेले. भीतीने थकलेले. रागाने थकलेले.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “शेवटचं पुन्हा वाचा.”

“रागाने थकलेले. पण थकवा येईल इतका राग हवा. आहे?”

“चौतीस वर्षांचा आहे.”

“शिळा चालणार नाही. रोजचा ताजा लागेल.” वैद्यांनी पान त्यांच्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच किंचित हसले. “त्याची तुमच्याकडे टंचाई पडेल असं वाटत नाही.”

घरी येऊन बाईंनी ते पान पिठाच्या खळीने वेळापत्रकाशेजारी डकवलं. टाइमकीपरांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं, खालची वैद्यांची सही तपासली. त्यांचा चेहरा उतरला. पण छापील होतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “अट पुरी झाली तर झोप. पण अट पुरी झाली पाहिजे. नुसतं तोंड वाकडं केलेलं मी धरणार नाही. ते तुझं नेहमीचंच आहे.”

“झाली,” बाई म्हणाल्या, आणि पंधरा मिनिटं बोलल्या. त्यात वकिलाचा कोट होता, कडी होती, सासूबाई होत्या, आणि लेक जन्मली तो दिवस होता. त्या दिवशी टाइमकीपर डेपोतून संध्याकाळी सातला दवाखान्यात आले होते. “मला कळा येत होत्या आणि तुम्ही तिकडे गाड्या सोडत होतात! एक तरी लेट झाली का हो त्या दिवशी?”

“एकही नाही,” टाइमकीपर म्हणाले. त्यांना वाटलं, हे कौतुकाने विचारलंय.

बाई त्या दिवशी पावणेतीनपर्यंत झोपल्या. दाराला कडी नव्हती, पण बाहेर कोणी श्वास मोजला नाही.

एवढ्यावर हार मानतील तर ते टाइमकीपर कसले. दोन दिवस त्यांनी विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर म्हणाले, “आज जेवण फार छान झालंय.”

बाईंच्या हातातला चमचा थांबला.

“मी म्हणतो, तू थकत असशील गं. ऊठ तू, भांडी मी घासतो.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. हा माणूस आपला राग उपाशी मारायला निघाला होता. बारा पन्नास झाले. बाईंनी डेपोला नावं ठेवली. “खरंय तुझं,” टाइमकीपर म्हणाले. बाईंनी त्यांच्या टकलाचा विषय काढला. “वय झालं आता,” ते म्हणाले. बाईंनी शेवटचं हत्यार काढलं आणि सासूबाईंना नावं ठेवली. टाइमकीपरांच्या मानेवरची शीर एकदा टरारली, पण ते ताट विसळत राहिले. एक पाच झाले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. राग यायचं नाव घेईना; उलट कुठेतरी पोटात काहीतरी मऊ पडतंय, अशी भयंकर शंका त्यांना आली.

मग टाइमकीपरांनी चूक केली. जिंकत आलेला माणूस करतो ती. त्यांनी ओले हात पुसले, बाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “जाऊ दे. मी तुला माफ केलंय.”

“कशाबद्दल?”

“सगळ्याबद्दल.”

त्यानंतरचं शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. बाई त्या दिवशी वीस मिनिटं उभ्याने बोलल्या आणि सव्वातीनपर्यंत मेल्यासारख्या झोपल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर सुधारित वेळापत्रक लागलं. बारा पन्नास ते एक दहा : भांडी व भांडण (दोघे, एकत्र). एक दहा ते दोन चाळीस : निद्रा (पत्नी). तळाशी बारीक अक्षरात टीप होती : रागात जेवू नये, म्हणून जेवणानंतर.

तेव्हापासून रोज बारा पन्नासला सुरुवात होई. एक दहाला टाइमकीपर घड्याळ बघून बाईंना शब्दाच्या मध्यात थांबवत आणि दुसऱ्या दिवशी बाई त्याच शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यापासून पुढे सुरू करत. विषय संपतील असं आधी वाटलं होतं. संपले नाहीत. टाइमकीपरही तयारीने येऊ लागले. सकाळच्या गुळणीत ते मुद्दे आठवत आणि थुंकून झालं की लिहून ठेवत.

तिसऱ्या आठवड्यात एकदा बाई म्हणाल्या, “तुम्हाला माझी झोपच का खुपते? इतकी वर्षं मी कधी तुमच्या डेपोत येऊन घड्याळ बंद केलं का?”

टाइमकीपर पातेलं घासायचे थांबले. “एकदा ताप आला म्हणून दुपारी एकला घरी आलो होतो. लेक दुसरीत होती. बाहेरच्या दाराला कडी आतून. बेल वाजवली. जिन्यात बसलो अडीचपर्यंत.”

“मी झोपले होते.”

“तेच सांगतोय.”

“मग दार बडवायचं होतंत!”

“बडवलं.”

“मला ऐकू नाही आलं.”

“ऐकू आलं होतं,” टाइमकीपर म्हणाले. “शिवणाची खोली जिन्याला लागून आहे. कॉट वाजली होती. तू कूस बदललीस.”

बाईंना आठवलं. दार वाजलं होतं. विक्रेता असेल असं म्हणून त्या डावीकडे वळल्या होत्या. का कोण जाणे, त्यांना हेही आठवलं की विक्रेत्याचं वाजवणं असं नसतं, हे त्यांना तेव्हाही कळलं होतं.

“मग त्याच दिवशी का नाही बोललात?”

“वेळ कुठे होता?”

“मेल्या घुम्या,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याला अहोशिवाय काही म्हणाल्या नव्हत्या. एक अकरा झाले होते. टाइमकीपरांनी थांबवलं नाही.

पुढच्या मंगळवारी भाताच्या वाफेने खळ सुटली आणि वैद्यांचं पान भिंतीवरून घसरून ओट्यावर उलटं पडलं. टाइमकीपर बाहेर शतपावली करत होते. खिडकीतून त्यांचं मोजणं ऐकू येत होतं. बाईंनी पान उचललं. मागच्या बाजूलाही छपाई होती. डकवताना रागाच्या घाईत त्यांनी ती पाहिलीच नव्हती. एकच ओळ होती, पुढच्या बाजूच्या यादीतली उरलेली :

आणि ज्यांना दिवसा झोपायची जुनी सवय आहे, त्यांनी ती मोडू नये. मोडल्यास अपाय होतो.

बाईंनी ती दोनदा वाचली. जुनी सवय. चौतीस वर्षांची. ना राग लागत होता, ना थकवा, ना नवऱ्याची मंजुरी. हा कागद समोर धरला असता, तर टाइमकीपर मुकाट्याने बाजूला झाले असते आणि एक ते अडीच पूर्वीसारखं शांत घर बाईंच्या एकटीच्या मालकीचं झालं असतं. बारा पन्नासला बोलायचं कारणच उरलं नसतं.

“अठ्ठ्याण्णव,” बाहेरून आवाज आला. “नव्याण्णव.”

बाईंनी खळीची वाटी घेतली. या वेळी नुसते चार कोपरे नाही, ओळ होती तिथे जाड थर दिला, पान भिंतीला लावलं आणि मुठीने दाबून दाबून बसवलं. कितीही वाफ आली तरी आता ते फाटून निघालं असतं, सुटून नाही.

टाइमकीपर आत आले, घड्याळाकडे पाहिलं आणि बाह्या दुमडून मोरीशी उभे राहिले.

“दोन मिनिटं लेट आहात,” बाई म्हणाल्या. “काल तुम्ही म्हणालात की माझ्या भावाने लग्नात तुमचा अप—”

“—मान केला,” टाइमकीपर म्हणाले. “केलाच होता.”

“मेल्या,” बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.